अर्ध्या घरासमोरची रांगोळी

बनारसला गेले ती देवासाठी नव्हे, मावशीसाठी. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरात ती सून म्हणून गेली आणि तिथलीच झाली. मागच्या वर्षी घरासमोरच तिला टोटोने, म्हणजे तिथल्या बॅटरीवरच्या रिक्षाने, उडवलं. तेव्हापासून तिचं शुक्रवारी संकठा घाटावर देवीला जाणं बंद पडलं. आता घरातूनच हात जोडते, असं ती फोनवर सहज म्हणाली आणि मी तिकीट काढलं.

नाशिकरोडहून थेट गाडी आहे. दिवस आणि रात्र गाडीतच जाते, तेव्हा डबा भरून घ्या. थंडीत जाणार असाल तर स्वेटरही घ्या. मी नेला नाही आणि मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, ढगळ स्वेटर घालून घाट पाहिले. स्टेशनाबाहेर टोटोचं भाडं बसण्याआधीच ठरवा. माझ्या टोटोवाल्याने मला मावशीच्या रस्त्याच्या तोंडाशीच उतरवलं. पुढे रुंदीकरणाचं काम चालू होतं.

मला रस्ता ओळखूच येईना. दोन्हीकडची घरं पुढून कापलेली. कुणाच्या निजायच्या खोलीची निळी भिंत, कुणाचं कोनाड्यातलं कॅलेंडर, कुणाची मसाल्याच्या डब्यांची फळी, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. मावशीच्या घराची पुढची खोली तर नव्हतीच. काका निवृत्त शिक्षक. त्याच खोलीत ते शिकवण्या घ्यायचे. तिथे आता विटांचा ढीग होता आणि त्यावर मफलर गुंडाळून, हातात हातोडा घेऊन खुद्द काका उभे होते.

हे कुणी केलं, म्हणून मी रस्त्यातच आवाज चढवला.

मावशी आतून काठी टेकत आली. "कुणी नाही गं, आम्हीच. निशान लागलं की इथे लोक स्वतःच तोडून घेतात. तोडायची मशीन आली तर मागची दीवारपण हलते."

पालिकेने मारलेल्या लाल खुणेपर्यंतचं घर आपणच मिस्त्री लावून सरळ कापून घ्यायचं, म्हणजे उरलेलं शाबूत राहतं. मला ते काही केल्या पचेना. त्याहून धक्का बसला तो मावशी खुशीत होती म्हणून. नव्या रस्त्यात मोटारी, बस, सायकली सगळ्यांना जागा होती आणि कडेने चालणाऱ्यांसाठी उंच पटरी. त्यांच्या बाजूची पटरी तयारही झाली होती. खोली गेली तर गेली, मला चालता येईल, असं ती म्हणाली. काका विटा रचत राहिले. खोली त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी कचोरी-जिलबी खाल्ली (लवकर जा, उशिरा गेलात तर रिकामी कढई बघाल) आणि मुन्शी घाटावर उन्हात बसून दुपारी परतले. मावशी देवीला जायला ठेवणीतली साडी नेसून, काठी घेऊन दारात उभी होती. समोरच्या कोऱ्या पटरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटरसायकली लावलेल्या. हँडलला हँडल भिडलेलं. एकाशी मी भांडले. तो अगदी नम्रपणे "दो मिनट, दीदी" म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत उगवला नाही. मावशी आत जाऊन साडी बदलून आली. मी सुन्न झाले. घराची एक खोली देऊनही बाईला चार पावलं मिळू नयेत?

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर मावशी पटरीवर स्टूल टाकून बसलेली, शेजारी रांगोळीचा डबा. दारातली रोजची रांगोळी तिने कधी चुकवली नाही, पण आज ती दारापाशी थांबली नव्हती. पटरीच्या काठाने गोपद्मं, स्वस्तिकं, लक्ष्मीची पावलं काढत ती शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचली होती. काका स्टूल पुढे सरकवत होते.

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला आला. पुढचं चाक पटरीवर चढवता चढवता थांबला.

"माताजी, पूजा है क्या?"

"हां बेटा. अब रोज होगी."

त्याने गाडी मागे घेतली. मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. मावशी रांगोळीच्या आतल्या बाजूने काठी टेकत चालत गेली आणि रांगोळी संपली तिथे थांबली. पुढे मोटरसायकलीच होत्या.

नाशिकला परतल्यावरही त्या कापलेल्या भिंती डोळ्यांसमोरून हलत नाहीत. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता, हे मला पटतं. तरी काकांच्या खोलीच्या जागी आभाळ पाहिलं, ते अजून सहन होत नाही.

पुढच्या शुक्रवारी काकांचा फोन आला. मावशी रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन आली होती. पण इथली रांगोळी फार बारीक, वाऱ्याने उडते, तुमच्याकडची पाठव, म्हणाले. मी विचारलं, किती पाठवू?

त्यांनी आत वळून मावशीला विचारलं आणि मग मला सांगितलं, "ती म्हणते, देवीपर्यंत पुरेल एवढी."