एस्तेरबाईंनी घेतलेली वाकळ

लग्न होऊन मी महाडला आले, त्याच वर्षी आमच्या लहानशा ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातल्या उपकारस्तुतीच्या सणाला एस्तेरबाईंची आणि माझी ओळख झाली. भाताची कापणी आटोपली की मंडळीतली घरे नव्या हंगामातले पहिले उत्पन्न देवापुढे आणून ठेवतात. तांदूळ, नाचणी, भोपळे, अंडी, कोणी कोंबडीसुद्धा. भक्ती संपल्यावर त्यांचा लिलाव होतो आणि आलेले पैसे गरजूंसाठी जातात. त्या दिवशी पाळकांची प्रार्थना चालू असतानाच एक कोंबडी सुटली आणि बाकांखालून धावू लागली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, निदान तसे दाखवलेले. एस्तेरबाईंनी बसल्या जागेवरून पदर टाकून ती पकडली, सर्वांच्या बरोबरीने ‘आमेन’ म्हटले आणि कोंबडी माझ्या हातात दिली.

“धर गं सूनबाई. हिचे पाय नीट बांधले नव्हते. तुझे मात्र आता इथं बांधले गेले.”

परक्या गावात मी पहिल्यांदा मोकळी हसले ती तेव्हा.

बाईंची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून महाड आणि पोलादपूर तालुक्यांत झाली. घाटाकडच्या वाड्यांवर त्यांनी किती बाळंतपणे केली, हे त्यांनाही सांगता येत नाही. विचारले तर म्हणतात, “मुलं मोजायची नसतात, पुसून आईजवळ द्यायची असतात.” बाळंतिणीच्या घरी जाताना पिशवीत डिंकाचे लाडू असायचे. ते कोणी केले असे विचारले की उत्तर ठरलेले: “दवाखान्यातून मिळतात.” कोणत्याही दवाखान्यातून लाडू मिळत नाहीत, हे त्या वाड्यांना पुष्कळ उशिरा कळले.

दान किती दिले यापेक्षा ते कोणत्या मनाने दिले, याकडे बाईंचे लक्ष फार. मुंबईला असलेल्या एका गृहस्थांनी प्रार्थनामंदिराला पंखे देऊ केले. अट एकच, प्रत्येक पात्यावर त्यांच्या वडिलांचे नाव रंगवायचे. बाई शांतपणे म्हणाल्या, “दादा, पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही. आणि बंद असेल तर घामेजलेला माणूस वर बघून वडिलांना काय म्हणेल?” गृहस्थ क्षणभर गोरेमोरे झाले, मग खो-खो हसत सुटले. पंखे आले, कोरे. ते अजून फिरताहेत.

पण मला बाई खऱ्या अर्थाने कळल्या त्या सावित्रीला मोठा पूर आला तेव्हा. पाणी ओसरल्यावर आम्ही काहीजणी त्यांच्या घरातला गाळ उपसत होतो. अंथरूण-पांघरूण सगळे चिखलात गेलेले. अशात पोलादपूरच्या वरच्या वाडीतून हिराबाई आल्या. त्यांच्या दोन्ही लेकी बाईंच्या हातावर जन्मलेल्या. मिळेल त्या गाडीने, उरलेली वाट पायी, डोक्यावर बोचके घेऊन त्या आल्या होत्या. आत तांदूळ होते आणि जुन्या लुगड्यांची स्वतः शिवलेली जाड वाकळ.

बाई पटकन म्हणाल्या, “अगं हिरा, तुझ्याच घरात किती असतं मला ठाऊक नाही का? परत ने. माझ्याकडे पुष्कळ आहे.”

त्यांच्याकडे कोरडा टॉवेलसुद्धा नव्हता.

हिराबाईंनी एकदा घरावरून नजर फिरवली. “बाय, इतकी वर्सं तुमच्या हातचं घेतलं. कदी नाय म्हटलं? आज माजं घ्यायला तुमाला जड जातंय. म्हंजे देनारी तुमीच आनि आमी निसती घेनारी, असंच हाय ना?”

आणि बोचके उचलून त्या चालू लागल्या. पुन्हा कधी न येण्यासारख्या.

बाई घमेले टाकून, चिखलातून अनवाणी, त्या वयात धावल्या. “हिरा, थांब गो! थांब!” वळणावर त्यांनी हिराबाईंचा हात धरला. “चुकलं माझं. मला थंडी वाजतेय. वाकळ दे.”

हिराबाईंनी भर रस्त्यात ती त्यांच्या अंगावर घातली आणि म्हणाल्या, “आता कसं! उगाच माज करायचा.” दोघी रडत होत्या आणि हसतही होत्या. आम्ही दारातून बघत होतो, आमचेही काही वेगळे नव्हते.

पुढच्या रविवारी बाई भक्तीत स्वतःहून उभ्या राहिल्या. “देताना मला आनंद व्हायचा, तो प्रेमाचाच आहे असं मी समजत होते. त्यात थोडा मोठेपणाचाही होता. घ्यायची वेळ आली तेव्हा तो सापडला,” एवढेच बोलून त्या बसल्या. इतरांच्या दानात डोकावण्याआधी स्वतःच्या मनाचा तळ असा सर्वांसमोर दाखवणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. त्या दिवसापासून कोणाला काही देताना माझा हात क्षणभर थांबतो, आणि मग अधिक हलका होतो.

त्या वर्षीच्या सणाला बाईंच्या सांगण्यावरून लिलावाच्या जोडीला एक नवी रीत सुरू झाली. जो काही आणेल, त्याने जाताना दुसऱ्या कोणाचे तरी काही घरी न्यायचेच. हिराबाई आमच्या मंडळीतल्या नाहीत, पण आता दर सणाला पहिल्या बाकावर असतात आणि कोणी रिकाम्या हाताने निघाले की दारात अडवतात.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त सत्कार करायचे ठरले तेव्हा त्या नकार देतील, अशी धास्ती होती. त्या म्हणाल्या, “घेईन की. हिरानं शिकवलंय. फक्त शाल नको, माझ्याकडे वाकळ आहे. आणि पंख्यावर नाव घालू नका.”

परमेश्वर बाईंचे गुडघे असेच धावते ठेवो, त्यांचे हसू असेच खट्याळ राहो, आणि पुढच्या कितीतरी हंगामांचे पहिले तांदूळ त्यांच्या ओंजळीत पडोत. आम्ही ते आणूच. नको म्हणाल्या, तर हिराबाई आहेतच.