कडुनिंबाची चार दारं

यूकेजीच्या वर्गात सोमवारी सहा मुलं गैरहजर होती आणि तन्वीची आई फोनवर विचारत होती, "आज पाठवू ना?"

तन्वी तीन आठवड्यांच्या रजेनंतर येणार होती. मूत्रपिंडाच्या आजारावरच्या औषधानं तिची प्रतिकारशक्ती उतरली होती. इतर मुलं ज्या कांजिण्यांतून आठवड्याभरात उठतात, त्या तिच्या जिवावर बेतू शकत होत्या. बेंगळुरूच्या बाजूला, आनेकलजवळच्या त्या शाळेचं ऑफिस मी सांभाळतो. उत्तर मलाच द्यायचं होतं.

रजेचे अर्ज पाहिले. ताप दोन, गावी गेले दोन, घरी कार्य दोन. कांजिण्या शून्य. "पाठवा" म्हणणार, तोच व्हॅनवरच्या आया रत्नक्का म्हणाल्या, "सर, स्वल्प थांबा. सहापैकी चार दारांना कडुनिंब बांधलाय."

इकडे कांजिण्या आल्या की 'अम्मा आली', म्हणजे देवी घरी आली, म्हणतात. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात. आजाराचं नाव तोंडानं घेत नाहीत, मग अर्जात कोण लिहिणार? माझ्या लहानपणी आमच्याही दाराला तो होता. तरी मी कागद मोजत बसलो.

तन्वीला घरीच ठेवायला सांगितलं. प्रिन्सिपल मॅडमनी परिपत्रक काढायला लावलं. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्यांची लागण होते. तोवर मूल शाळेत नको.

रत्नक्कांनी ते ऐकून घेतलं. "चांगलंय. पण घरी अम्माच्या निरोपाची आंघोळ ठरल्या दिवशी घालतात. आंघोळ झाली की मूल बरं, दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये."

खपली असो वा नसो.

"मग काय लिहू?"

"लिहू नका. चला माझ्याबरोबर."

दुपारी सहाही घरं फिरलो. कांजिण्या पाच निघाल्या. एका घरी दुसऱ्या दिवशीच आंघोळ होती. रत्नक्कांनी तिथल्या आजीशी वाद घातला नाही. नातवाचा शर्ट वर केला आणि म्हणाल्या, "अज्जी, अम्मा अजून पाठीवर बसलीय. पाहुणी उठायच्या आधीच निरोप देताय?"

आजीनं चष्मा लावून ओले फोड मोजले. सात.

"सरी, बरं तर," ती म्हणाली. "उठू दे तिला."

रोजच्या आंघोळीला डॉक्टरांची हरकत नसते. आम्हाला फक्त शाळेची तारीख पुढे ढकलायची होती. ती पाचही घरी ढकलली गेली.

लागण झाल्यापासून पुरळ यायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्या मुदतीत आणखी दोन मुलं आजारी पडली. दोन्ही घरून पहिल्याच दिवशी रत्नक्कांना फोन आला. त्यानंतर पूर्ण एकवीस दिवस एकही नवं मूल आजारी पडलं नाही. मग तिच्या डॉक्टरांना विचारून तन्वी आली, व्हॅनमध्ये रत्नक्कांच्या शेजारी बसून.

माझ्या हजेरीच्या वहीत आता गैरहजेरीच्या कारणाचे दोन रकाने आहेत. एक अर्जातलं, एक रत्नक्कांचं. जुळलं नाही तर मी दुसरं धरतो.