घरी नसलेल्याचा वाटा

आमच्या गावच्या शाळेत एक बाई होत्या. त्या कोणालाच रामराम किंवा नमस्कार करत नसत. समोर माणूस आलं की एकच शब्द विचारत, "बाकी?" दुकानदार म्हणायचा, "बाकी बरं." सरपंच म्हणायचे, "बाकी तुमची कृपा." पण शाळेतलं पोरगं भेटलं तर त्याला असं सुटता येत नसे. त्याला आधी आकडा ऐकावा लागे. "छप्पन्न, सातानं?" पोरगं नळावर हंडा लावता लावता ओरडायचं, "आठ!" "बाकी?" "शून्य!" मग बाईंची स्कूटी पुढे जायची. पोरांनी त्यांचं नाव बाकीबाई ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

आमचं गाव बदनापूरजवळ आहे. बाई बदनापुरात खोली करून राहत आणि रोज स्कूटीवरून येत. डोक्यावरचं हेल्मेट वर्गाच्या दारापर्यंत निघत नसे. उंच, हाडकुळ्या, आवाज खणखणीत. पहिल्या भेटीत त्यांनी मलाही सोडलं नाही. "आजी, बेचाळीस, सहानं?" मी म्हणाले, "सात. बाकी शून्य. मी चौथी पास आहे बाई, अंगठेबहाद्दर न्हाई." त्या हसल्या नाहीत. "बराबर," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला बाई तेव्हाच आवडली. उगीच कौतुक करणारी माणसं मला सहन होत नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता. शाळेच्या गावात त्या चहा सोडा, पाणीसुद्धा पीत नसत. बायकांना राग यायचा. मी एकदा तोंडावर विचारलं, "आमच्या घरचं चालत न्हाई का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "आजी, एका घरी प्याले की चाळीस घरी प्यावं लागतं. मला चाळिसानं भागलं तर एकेकाच्या वाट्याला काय येईल?" मला पटलं. पुन्हा विचारलं नाही.

आता माझ्या नातीचं सांगते, कारण बाईंची खरी ओळख मला तिच्यामुळे झाली. तनू तेव्हा तिसरीत होती. पाढे तोंडपाठ. झोपेतून उठवलं तरी सात आठे छप्पन्न म्हणायची. पण भागाकार आला की उत्तर चूक नाहीतर तोंड बंद. बाईंच्या आधी जे शिक्षक होते, त्यांनी माझ्या मुलाला सांगून ठेवलं होतं की पोरगी जरा मंद आहे. माझा मुलगा दिलीप जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात जातो. पाळी संपवून यायचा, तिला दोन भागाकार विचारायचा, ती चुकायची आणि तो वही मिटून जेवायला बसायचा. शेवटी एक दिवस म्हणाला, "आई, चौथीला हिला निवासी शाळेत टाकून देऊ. इथं हिचं डोकं चालून न्हाई राह्यलं."

मी म्हणाले, "टाकून द्यायला पोरगी काय सरकीचं पोतं आहे?"

"मंग काय करू? तू शिकवतीस?"

मी शिकवायला बसलेही. मला येतं, पण शिकवता येत नाही. मी सांगायची आणि ती मान हलवायची. पुन्हा विचारलं की तेच चुकीचं उत्तर. सून आत भाकरी थापता थापता डोळे पुसायची. निवासी शाळेची चौकशी सुरू झाली. त्या दिवसांत तनू मला चिकटून झोपायची. मी तिच्या अंगावर गोधडी ओढायची.

हे बाईंच्या कानावर गेलं असावं. एका रविवारी दुपारी त्यांची स्कूटी आमच्या दारात थांबली. दिलीप घरीच होता. बाई ओट्यावर बसल्या, पिशवीतून मूठभर चिंचोके काढले आणि तनूला म्हणाल्या, "हे बारा हायेत. तिघींना सारखे वाट."

तनूनं वाटले. ढीग झाले चार. "तीन," ती म्हणाली.

दिलीपनं कपाळावर हात मारला. "बघा बाई. हे असं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, पिशवीतून आणखी आठ काढले. "आता वीस. चौघांना."

तनूनं पाच ढीग केले. "चार."

बाईंनी एकेक ढीग मोजून पाहिला. मग एका ढिगावर बोट ठेवून विचारलं, "तनू, हे चौघांचे चार ढीग. मंग हा पाचवा कोणाचा गं?"

तनूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंनाच काही येत नाही. म्हणाली, "जे घरी न्हाई त्याचा."

बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, तुमच्या घरी काही वाटताना एक वाटा जास्तीचा ठेवता?"

मी म्हणाले, "ठेवता म्हणजे? ठेवावाच लागतो. माझी सासू ठेवायची, मी ठेवते. आंबे असू द्या, लाडू असू द्या, आधी घरी नसलेल्याचा वाटा बाजूला, मंग बाकीच्यांचे. कोणी पाळीवर असतं, कोणी शेतात असतं, कोणी पाहुणं टपकतं. तो वाटा धरल्याशिवाय आमच्यात वाटणी होत न्हाई."

दिलीप तोंड उघडं टाकून ऐकत होता. लहानपणापासून तो हेच बघत आला होता, आणि पाळीवरून आल्यावर तोच वाटा खात होता. त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

बाई उठल्या. पदर झटकला. "दिलीपभाऊ, पोरीचा भागाकार बिलकुल बराबर हाये. फक्त तुमच्या घरचा हाये, पुस्तकातला न्हाई."

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, तनू, असं करायचं नाही. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिला समजावलं, "पुस्तकात जेवढी माणसं लिहिली, आधी तेवढ्यांनाच द्यायचं. सारखं देऊन झाल्यावर जे पुन्हा सगळ्यांना पुरत न्हाई, म्हणून उरतं, ते घरी नसलेल्याचं. त्यालाच म्हणायचं बाकी."

तनू विचारात पडली. "आन् काहीच न्हाई उरलं तर? त्यानं काय खायचं?"

"काहीच न्हाई उरलं म्हणजे सगळे घरी आलेत. कोणी बाहेर राह्यलंच न्हाई. म्हणून शून्य."

तनूच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं, ते मला नीट सांगता येणार नाही. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर बाईमाणसाचा चेहरा होतो, तसा काहीसा. बाईंनी लगेच बारा चिंचोके पुढे सरकवले. तिघींना चार, चार, चार. "बाकी?" "शून्य! सगळ्या घरी आल्या!" असं ओरडून ती घरात पळाली आणि आईला सांगून आली.

त्यानंतर बाईंनी तिला पाढे उतरायला शिकवलं. त्या म्हणत, "पाढा चढताना गुणाकार, उतरताना भागाकार. जिना एकच हाये." सात आठे छप्पन्न म्हणून झालं की छप्पन्न सातानं आठ, छप्पन्न आठानं सात. एका पाढ्यावर दोन भागाकार फुकट. मी शेंगा फोडायला बसले की तनू समोर बसून उतरत असायची. तिनं इतकं डोकं उठवलं की मला वाटलं, मंद होती तेच बरं होतं. वार्षिक परीक्षेत भागाकाराचं एकही गणित चुकलं नाही. निवासी शाळेचं नाव दिलीपनं पुन्हा काढलं नाही, आणि मीही त्याला आठवण करून दिली नाही. मी नवस बोलले नव्हते, त्यामुळे फेडायचाही प्रश्न नव्हता. पण निकालाच्या रात्री मला झोप चांगली लागली.

तनू चौथीत असताना बाईंची बदली झाली. लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. शाळेत हारतुरे झाले, भाषणं झाली. मी गेले नाही. मला भाषणं ऐकवत नाहीत.

त्याच दिवशी मी दाण्याचे लाडू केले होते. डब्यात नऊ. आम्ही चौघं घरीच होतो. तनूनं वाटले, प्रत्येकाला दोन. डब्यात एक उरला. तेवढ्यात दारात स्कूटी. बाई आत आल्या, हेल्मेट डोक्यावर तसंच. "निघाले आजी," म्हणाल्या.

तनूनं डबा त्यांच्यापुढे धरला. "बाई, तुमचा वाटा."

"तनू, तुला माहीत हाये, मी शाळेच्या गावात..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता हे माझ्या शाळेचं गाव न्हाई."

त्यांनी लाडू घेतला. उभ्या उभ्या खाल्ला. सुनेनं पाणी दिलं, तेही प्यायल्या. तांब्या खाली ठेवता ठेवता त्यांनी तनूला विचारलं, "बाकी?"

"शून्य," तनू म्हणाली.

बाई गेल्यावर मी डबा पाहिला. खरंच काही उरलं नव्हतं. मी तो घासला आणि पालथा घातला.