दोन मायांचे नारायण सर

संग्रामपूर तालुक्यातल्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पहिला चहा मला नारायण सरांनी दिला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी विचारलं, “सर, तुम्ही मूळचे कुठले?”

“ते मलेच ठाव नाही, मॅडम,” सर हसून म्हणाले. “वाढलो वरवट बकालले.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पुढे कळलं, ते खरंच होतं. नीट बोलताही येत नव्हतं अशा वयात ते संग्रामपूरच्या बाजारात रडत उभे होते. भाजी विकायला बसलेल्या सखारामबुवा आणि पार्वताबाईंनी त्यांना जवळ घेतलं. पोलिसांत कळवलं, खूप वाट पाहिली, पण कोणी आलं नाही. मग त्या माळकरी जोडप्याने त्यांना आपलं नाव दिलं, शिकवलं.

सर भूगोल शिकवायचे. नव्या वर्गात मुलांनी ओळख करून देताना गाव, आडनाव, वडिलांचा धंदा सांगायचा नाही, असा त्यांचा दंडक. “तुले काय येते, ते सांग.” एकदा वीटभट्टीवरच्या कुटुंबातली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, “मले पोहता येते.” वर्गात एकाही पोराला पोहता येत नव्हतं. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आज ती पोहणं शिकवते, आणि सरांना न चुकता फोन करते.

काही वर्षांपूर्वी सरांना एक पुरस्कार मिळाला; तो पाहायला सखारामबुवा मात्र राहिले नव्हते. वर्तमानपत्रात फोटोसह त्यांची हकिकत छापून आली. ती वाचून सातपुड्यापलीकडून, बऱ्हाणपूरच्या बाजूने एक वयस्कर गृहस्थ त्यांच्या घरी आले. मी तेव्हा तिथेच होते. चेहरेपट्टी तर सरांचीच. लहानपणी इकडच्या बाजारात हरवलेल्या धाकट्या भावाच्या पोटावर डागल्याची खूण होती, असं ते म्हणाले. सरांनी सदरा वर केला. खूण होती.

“माय अजून वाट पाहून राह्यली,” ते रडत म्हणाले. “घरी चाल. शेतात तुहा वाटा हाय. आपलं नाव लाव.”

पार्वताबाई उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर मेथीची जुडी हातात नुसतीच धरून बसलेल्या. “जाईन तो,” त्या म्हणाल्या. “रक्ताचं हाय, बाई.”

बाहेरून सरांचा आवाज आला. “दादा, वाटा नको. नाव मले हाय. मायले मात्र भेटाले येतो. अन् एकटा नाही येत.”

सरांनी पार्वताबाईंना सोबत नेलं. आग्रह करून मलाही नेलं. तिकडच्या माउलींना फारसं दिसत नव्हतं. त्यांनी सरांच्या चेहऱ्यावरून, पोटावरून हात फिरवला, खूप रडल्या. मग विचारलं, “याले वाढोलं कोनं?”

पार्वताबाई दारातच थांबल्या होत्या. भीत भीत पुढे झाल्या. त्या माउलींनी त्यांचा हात घट्ट धरला. “बाई, मले याचं सांग. शाळेत जातानी रडे का?”

“लय रडे,” पार्वताबाई म्हणाल्या. “पण पयले तुमी सांगा. हा चालाले कधी लागला? मले तेवढंच ठाव नाही.”

दुपारभर दोघी बोलत होत्या. एकीला ठाऊक नव्हतं ते दुसरीपाशी होतं. सर दोघींच्या मध्ये बसून ऐकत होते. स्वतःचं अख्खं लहानपण त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सरांनी नाव बदललं नाही. दर उन्हाळ्यात पार्वताबाईंना घेऊन ते तिकडे जातात. दिवाळीला तिकडची मंडळी वरवट बकालला येतात.

आज सर साठ वर्षांचे होताहेत. सत्काराला दोन्ही माया येणार आहेत. आधी कोणी ओवाळायचं, यावर दोघींचं फोनवर अजून जमलेलं नाही, कारण दुसरीनेच आधी ओवाळावं असा प्रत्येकीचा हट्ट आहे. हे गोड भांडण मिटवायला सरांना पुष्कळ वर्षं मिळोत, आणि ती सगळी वर्षं निरोगी, हसतखेळत जावोत.