तो चेलो नव्हता

अविनाशच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. आदल्याच दिवशी मी अविनाशला नोव्हेनाच्या हॉस्पिटलात भेटलो होतो. तब्येतीचं त्याने अवाक्षर काढलं नाही; घरातला हवा कोरडी ठेवणारा डिह्युमिडिफायर बंद करू नकोस, एवढंच बजावलं. इथल्या दमट हवेत त्याच्या वाद्याच्या, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारा फुगायच्या, सूर ढळायचा...

मग इथल्या मराठी मंडळाची शोकसभा झाली. प्रोजेक्टरवर त्याचा फोटो, खाली 'हौशी चेलोवादक'. एकेक जण उठून हळहळला, की बोटं दुखायला लागली म्हणून बिचाऱ्याला जाहीर वाजवणं सोडावं लागलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्यांच्यावर चिडलो होतो आणि स्वतःवर त्याहून जास्त, कारण बोटं दुखतात ही थाप मीच मारली होती.

तो चेलो नव्हता. तो बास व्हायोल होता. अविनाश मिरजेचा, सतारीचे पडदे बांधताना बघत वाढलेला. बँकेच्या कामाला लंडनला गेला असताना एका दुकानात त्याला हे वाद्य दिसलं : सहा तारा, दोन गुडघ्यांत धरायचं, आणि मानेवर आतड्याच्या दोरीचे सात पडदे, गाठ मारून बांधलेले, सतारीसारखेच सरकवता येणारे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही वाद्यं स्पेन-इटलीकडे दिसू लागली आणि पुढे युरोपभर घरोघरी वाजली. मग फॅशन बदलली. लोकांनी कितीतरी व्हायोलांचे पडदे काढले, माना बदलल्या आणि त्यांचे चेलो करून टाकले. हे सांगताना तो असा चिडायचा, की जणू कालच कोणी त्याच्या घरात घुसून ते केलंय.

हेच तो एकदा मंडळाच्या कार्यक्रमात सांगत होता. मी सेक्रेटरी. मागे जेवणाची कुजबुज सुरू झाली, तसा मी माइक घेतला. "अविनाश, इतिहास पुरे. चेलो वाजव, लोकांना भूक लागलीय." हशा पिकला. त्याने दोन छोट्या रचना वाजवल्या, वाद्य गुंडाळलं आणि न जेवता गेला. पुन्हा मंडळात वाजवायला आला नाही. लोक विचारू लागले, तेव्हा मी बोटांचं कारण ठोकून दिलं. एकदा लिफ्टमध्ये कोणीतरी त्यालाच विचारलं, बोटं कशी आहेत? माझ्याकडे बघत तो म्हणाला, "सेक्रेटरींना विचारा. त्यांना जास्त माहीत." त्याच्या खालच्याच मजल्यावर राहतो मी. हॉस्पिटलात जाईपर्यंत रोज संध्याकाळी त्याचं वाजवणं ऐकलंय. बोटांना काहीही झालं नव्हतं.

सभेनंतर निखिल पुंगोलच्या आपल्या घरून बाबांचा फ्लॅट आवरायला आला. म्हणाला, "काका, वाद्यांचा डीलर म्हणतो पडदे काढून खाली जमिनीवर टेकवायचा स्पाइक बसवला तर चेलो म्हणून लगेच जाईल. असं कोण घेणार, ला?" बोलताना इथलं 'ला' त्याच्या मराठीत शिरतंच. त्या पोरावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. मग खाली बसून त्याला सगळं सांगितलं, बोटांसकट. "मग तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला नाही.

वाद्य आता माझ्या खोलीत आहे, डिह्युमिडिफायरशेजारी. तिसरा पडदा सैल झालाय. "बस, पाच मिनिटांत गाठ शिकवतो," असं अविनाश कितीदा म्हणायचा आणि मी घड्याळाकडे बघायचो. आता सकाळी उठून मी तो पडदा अंगठ्याने जागेवर सरकवतो. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा खाली आलेला असतो.