तारीख घातलेली पोच

आमची आत्या सव्वीस वर्षं सूतगिरणीत होती. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय लागलेली. घरात ती नुसतं ‘मीठ दे’ म्हणाली, तरी शेजारचे शिंपीकाका मिठाची बरणी घेऊन दारात हजर. या आवाजाची नक्कल मला जमते, पण दोन दिवस घसा बसतो.

गिरणी बंद पडली. तिचा उजवा खांदा त्याआधीच बंद पडला होता. हात छातीच्या वर जात नाही. मुलगा-सून लांब राहतात, ‘इकडेच या’ म्हणतात, मनापासून म्हणतात. पण आत्याला स्वतःची खोली आणि स्वतःचं कुलूप सोडवत नव्हतं. काम मिळालं नाही, तर महिनाअखेरीला किल्ली घरमालकाच्या हातात.

मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, असा केंद्राचा कायदा. म्हणून ती मला घेऊन ग्रामपंचायतीत गेली. तिथले एक कारकून नाक ओढल्याशिवाय वाक्य संपवत नाहीत. अर्जाची पोच त्यांनी दिली, पण तारीख न घालता.

“तारीख?”

“तारखेचं काय घेऊन बसलात मावशी, आपलीच माणसं आहोत. सुंऽऽ.”

तारीख पडली की पंधरा दिवस मोजले जातात आणि तेवढ्यात काम दिलं नाही तर भत्ता द्यावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि आत्यालाही. ती समोरच्या बाकावर बसली. त्यांचं जेवण झालं, चहा झाला, तरी ही बसलेलीच. तीन वाजता तारीख पडली.

चौदाव्या दिवशी काम निघालं. रस्त्यावर घमेली उचलायची!

“खांदा बघा ना साहेब.”

“दुसरं काम नाही. यादी वरून येते. आमच्या हातात काय? सुंऽऽ.”

घरी येऊन तिनं केंद्राच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडे मधात बुडवलेला आवाज. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं; गोडवा भरपूर, हाती काही नाही.

संध्याकाळी शिंपीकाकांनी सुई थांबवली. “सगळं इथल्यांच्या हाती द्यायला हवं. इतक्या लांबून त्यांना तुमचा खांदा दिसणार कसा?”

“इथल्यांच्या हाती असतं, तर तारीख मिळाली असती का? सगळी कामं सरपंचाच्या मेव्हण्यांना!” आत्या उसळली.

वातावरण तापलं, म्हणून मी दोन्ही कानांना फोनसारखे दोन चमचे लावले आणि नक्कल करत दोन्ही साहेबांचं एकमेकांशी बोलणं लावून दिलं. इकडे सुंऽऽ, तिकडे मध. आत्या खांदा धरून हसत होती. एकदम थांबली.

“कार्टे, त्या मधाचं परत म्हण.”

“आपल्या भावना आम्ही समजू शकतो, ताई. यादीतलं कोणतं काम कुणाला द्यायचं, ते स्थानिक कार्यालय ठरवतं. आपला दिवस आनंदात जावो!”

“कोणतं काम म्हणाला ना? म्हणजे यादीत कामं पुष्कळ आहेत!”

सकाळी ती पुन्हा त्या टेबलापुढे. “यादी दाखवा.” हे तिच्या गिरणीतल्या आवाजात. पलीकडच्या टेबलावरच्या, कामांवर देखरेख करणाऱ्या ओव्हरसीअर बाई दचकून उठल्या. त्यांनी खांदा पाहिला, हात कुठवर जातो ते विचारलं. “अहो, मला रोपवाटिकेत पिशव्या भरायला माणूस हवंय. बसून करायचं काम आहे. यांना कुणी सांगितलंच नाही?”

कारकुनांनी नाक ओढलं.

आता आत्या रोपवाटिकेत असते. नखांत माती घेऊन घरी येते आणि कुलूप उघडताना मुद्दाम किल्ली वाजवते. “कायदा ज्यांनी केला त्यांचं भलं होवो. आणि त्या बाईंचं तर दुप्पट. खांदा बाईंनी बघितला.”

“म्हणजे चालवायचं कुणी?” शिंपीकाका सोडत नाहीत.

“हक्क वरून, काम इथून. आणि तुम्ही माझी बाही शिवा.”

परवा ते कारकून घरासाठी रोप न्यायला रोपवाटिकेत आले. आत्यानं त्यांना सगळ्यांत तरारलेलं रोप निवडून दिलं आणि सहीसाठी वही पुढे केली. त्यांनी सही केली. तिनं वही मिटलीच नाही. मग त्यांनी नाक ओढलं आणि शेजारी तारीख घातली.

मी तिथे नव्हते. ते नाक आत्यानंच मला ओढून दाखवलं, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा तिला चांगलं जमतं.