नेब्रास्काची रूथ आणि ब्रिस्टलचे कावळे

रूथ गेल्याचं मला आमच्या दूधवाल्याने सांगितलं. सकाळी बाटल्या आत घ्यायला दार उघडलं, तर तो शेजारी रूथच्या पायरीशी टोपी काढून उभा. काल दुपारी ती दुकानातल्या रांगेत कोसळली, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं तो म्हणाला. मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, असं कसं होईल, तिच्या दारातला दिवा तर चालू आहे. तो बिचारा दिव्याकडे बघत राहिला... दिवा खरंच चालू होता, भर सकाळी, नेहमीसारखा. तो दिसला म्हणून तर आदल्या संध्याकाळी, रूथ घरात आहे असं धरून, मी निवांत पडदे ओढले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण त्या संध्याकाळी तो दिवा रिकाम्या घरासाठी जळत होता हे अजून डोक्यातून जात नाही.

साठच्या दशकात आम्ही पुण्याहून ब्रिस्टलला आलो. हे हॉस्पिटलात, मी घरी, पदरात दोन मुलं. शेजारी, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, अमेरिकन बिऱ्हाड येणार असं कळलं तेव्हा जो तो मला अमेरिकन माणूस समजावून सांगायला लागला. समोरच्या पार्फिटबाई म्हणाल्या, आता तुमच्या डोक्याला शांतता नाही, ती माणसं बोलत नाहीत, ओरडतात, आणि विजेची तर अशी उधळपट्टी करतात की बघवत नाही. मँचेस्टरचे आमचे दिघे डॉक्टर शिकागोत वर्षभर राहून आलेले. त्यांचं म्हणणं, अमेरिकन पाच मिनिटांत गळ्यात पडतो आणि पुढच्या पाच मिनिटांत नाव विसरतो. मुलं मोठी झाली की आईबापांना मुलं नकोत आणि मुलांना आईबाप. माझी स्वतःची अमेरिका म्हणजे रेशनच्या दुकानातला तो लाल मिलो, तिकडून जहाजाने आलेली ज्वारी. त्याच्या भाकऱ्या थापता थापता तुटायच्या आणि माझी आई परातीसमोर बसून अमेरिकेचा उद्धार करायची. त्यामुळे माझंही मत काही फारसं चांगलं नव्हतं.

आली ती उंच, हडकुळी, मान खाली घालून चालणारी बाई. नवरा विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, तो वर्षभरात हृदयविकाराने गेला. त्यानंतर त्या घरातून आवाज म्हणून यायचा नाही. भिंत इतकी पातळ की पूर्वीच्या शेजाऱ्यांचा खोकला आम्हाला ऐकू यायचा, पण रूथच्या बाजूने कपाट लागल्याचा किंवा नळ सोडल्याचासुद्धा आवाज नाही. मुलं भिंतीला कान लावून बसायची आणि घाबरून माझ्याकडे पळत यायची. ओरडणारी अमेरिकन परवडली असती, असं मला वाटायचं. आमच्या घरात पाऊल टाकायला तिने दोन वर्षं घेतली. आणि टाकलं तेव्हा दारातूनच यांना सरळ "हॅलो, वसंत" म्हणाली. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चहाबरोबर मी तिला मिलोची गोष्ट सांगितली, जरा टोचावं म्हणूनच. ती म्हणाली, तिच्या वडिलांच्या नेब्रास्कातल्या शेतात मिलोच पिकायचा आणि तो डुकरांना घालायचे. मग माझा हात धरून म्हणाली, तुझ्या आईला सांग, मला फार वाईट वाटतं. मी हसत सुटले, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

विजेच्या उधळपट्टीबद्दल मात्र पार्फिटबाईंचं बरोबर होतं. रूथच्या दारातला दिवा रात्रंदिवस चालू असे. बल्ब जायच्या आधीच ती नवा लावायची. पुढे वीजकपातीचे हिवाळे आले, सगळी गल्ली अंधारात, तर हिने जॅमच्या बाटलीत मेणबत्ती लावून पायरीवर ठेवलेली. कारण तिने मला फार उशिरा सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा, डॅनी, वैमानिक. लढाईवर जाण्याआधी, आम्ही मँचेस्टरला गेलो होतो तेव्हा, तो रजेवर इथे, याच घरात राहिला होता. जाताना म्हणाला, परत येईन तो थेट इथेच, दिवा तेवढा चालू ठेव. त्याचं विमान परतलं नाही. आधी बेपत्ता म्हणाले, मग काही वर्षांनी मेला असं समजा म्हणाले. रूथने समजायचं नाकारलं. नेब्रास्काहून बहीण सारखी बोलवायची, पण ही घर सोडायला तयार नाही, कारण डॅनीला ठाऊक असलेलं दार हेच. आईबापांना मुलं नकोत म्हणणाऱ्या दिघ्यांना एकदा आणून हिच्यासमोर बसवावं असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी पुण्यात माझी आई गेली. मला जाता आलं नाही. दहाव्याचा विधी तिकडे भावाने केला, पण माझा जीव राहीना म्हणून मी इथे मागच्या बागेच्या भिंतीवर तिच्या आवडीचं ताट ठेवलं. हे म्हणाले, "अगं, हे ब्रिस्टलचे कावळे. दहाव्याला यायची ड्यूटी त्यांना कुणी लावलीय?" खरंच, समोरच्या झाडावर तीन-चार बसले होते, पण एकही हलेना. शेवटी मी रडत मोठ्याने म्हटलं, आई, दादाशी मी पुन्हा बोलेन, धरलेला अबोला सोडेन. आणि एक कावळा उतरला. भाताचं शीत उचललं, माझ्याकडे बघितलं, गेला. मागे वळले तर कुंपणापलीकडे रूथ उभी. तिने सगळं पाहिलं होतं.

तिने विचारलं तसं मी सांगितलं, की गेलेलं माणूस त्या रूपाने येऊन जातं.

"मग जिवंत माणसाच्या ताटाला तो शिवणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तसं नसतं गं रूथ. कधीकधी इच्छा अडकलेली असते, म्हणूनही शिवत नाही."

"डॅनीची काय इच्छा अडकणार? घरी यायचीच ना?" ती शांतपणे म्हणाली, जणू मी तिच्याच बाजूने बोलले होते.

दर रविवारी मग तिच्या भिंतीवर निळ्या काठाची बशी दिसायला लागली. त्यात डॅनीच्या आवडीचा मक्याच्या पिठाचा जाडसर केक आणि वर मध. आणि त्या बशीला कुणी शिवलं नाही. कावळा नाही, मॅगपाय पाखरू नाही, पार्फिटबाईंचं चोरटं मांजरही नाही. ब्रिस्टलचे सीगल माणसाच्या हातातला पाव पळवतात, पण त्या भिंतीवर ते बसायचे नाहीत. मला ते सहन होईना. एकदा रूथ बाहेर गेलेली असताना मी त्या बशीतला तुकडा चाखला, छान होता. त्या तुकड्यातला उरलेला आमच्या गवतावर टाकला, तर सीगलनी एकमेकांना ओरबाडत क्षणात संपवला. बशीत राहिलेला मात्र सोमवारपर्यंत तसाच. एका हिवाळ्यात खूप बर्फ पडलं तेव्हा साऱ्या बागेत पाखरांच्या पायांची नक्षी उमटली होती, फक्त बशीभोवती हातभर बर्फ कोरं होतं. मी यांना बोलावून दाखवलं. हे डॉक्टर माणूस, पण सरळ आत निघून गेले. रूथ मात्र सोमवारी बागेतल्या नळावर बशी धुताना गुणगुणायची. तिला त्या कोऱ्या बर्फाने किती धीर दिला हे मी पाहिलं आहे.

अंत्यविधीला नेब्रास्काहून बहीण आली, आणि इतक्या वर्षांनी मला सगळ्यांनी सांगितलेली अमेरिकन भेटली. भलीमोठी हॅट, गल्लीभर ऐकू जाईल असं रडणं, गल्लीतल्या मुलांच्या हातात च्युइंगगमची पाकिटं, आणि मला अशी घट्ट मिठी की श्वास अडकला. फार चांगली बाई. दोन दिवसांत तिने घर आवरलं, किल्ली एजंटला दिली. जाताना म्हणाली, आता रूथ तिच्या डॅनीजवळ असेल, आणि दारातला दिवा बंद केला... तो खटका ऐकून मी दचकले. मला वाटतं, रूथचा म्हणावा असा त्या घरातून आलेला तो पहिलाच आवाज.

दहाव्या दिवशी मी आमच्या भिंतीवर दोन ताटं ठेवली. एकात रूथला आवडणारी साबुदाण्याची खिचडी, आणि तिच्या बहिणीने मला दिलेल्या त्या निळ्या काठाच्या बशीत मक्याचा केक. मायलेक भेटले असतील तर दोघांचंही होऊन जाईल, असा माझा विचार. दुपार होत आली तरी काही नाही. झाडावर कावळा होता, पण तो रूथच्या अंधाऱ्या घराकडे तोंड करून बसलेला. मग मला कळलं. मी म्हटलं, "रूथ, दिवा मी लावीन." तो लगेच उतरला. खिचडी खाल्ली, घाई न करता, दोनतीन घास. मग बशीपाशी गेला. मान वाकडी करून त्या केकाकडे बघितलं, मागे सरला, आणि बशीला न शिवता उडून गेला. बहीण म्हणाली होती ते खरं नव्हतं. तो तिच्याजवळ नाही. मग कुठे आहे, हे मला विचारायचं धैर्य नाही.

आमच्या दारातला दिवा आता रात्रंदिवस चालू असतो. हे बिलाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. परवा पार्फिटबाई म्हणाल्या, काय हो, तुम्हीही अमेरिकन झालात वाटतं. मी म्हटलं, हो, झाले. आणि आत जाऊन रविवारची बशी भिंतीवर ठेवली.